श्रीताडाखालचा वर्ग

लातूरच्या वनस्पती उद्यानात मी नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे दोन कामं होती. झाडांच्या नावाच्या पाट्या लिहायच्या आणि शाळांच्या सहलींना बाग दाखवायची. शिरूर अनंतपाळहून आलेली, नुकतीच बीएस्सी झालेली मुलगी मी. जे शिकले होते ते कुणाला तरी सांगायला मिळतंय याचाच आनंद मोठा होता. गोरखचिंच खोडात पाणी साठवते. कैलासपतीचं फूल थेट बुंध्यावर येतं. कुचल्याची बी औषधही असते आणि विषही. सगळं पाठ झालेलं. आणि शेवटी, मागच्या फाटकाजवळ, मी मुलांना श्रीताडाखाली उभं करायची.

"हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. पन्नास-साठ वर्षं नुसतं वाढतं. मग एकदा फुलतं, फळं पिकवतं आणि मरतं."

मुलं माना मोडेपर्यंत वर बघायची. एकेक पान एवढं मोठं, की त्याखाली दहा-बारा जण पावसात कोरडे उभे राहिले असते.

बागेचे जुने बागवान चाचा तेव्हा मागे पाइप धरून उभे असत. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून लातुरात बागकामातच होतं. श्रीताडाचं रोप त्यांच्या वडिलांनी लावलेलं. चाचांना वाचता येत नव्हतं. माझ्या पाट्या ते ओल्या फडक्याने पुसून ठेवत आणि विचारत, "मॅडम, यात काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं की म्हणत, "बराबर हाय."

भूकंपाच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला श्रीताडाला शेंड्यातून तुरा फुटला. पाहता पाहता झाडाच्या डोक्यावर पिवळट फुलांचं दुसरं झाडच उभं राहिलं. गावोगावची माणसं बघायला आली. सप्टेंबर संपता संपता जमीन हादरली.

नंतरचे कित्येक दिवस घरात झोपायला कुणी धजावत नव्हतं. बाग उघडी केली गेली आणि हिरवळीवर अंथरुणं पडली. दिवसातून एखादा बारीक धक्का बसायचा, भांडी वाजायची, बाया लेकरांना पोटाशी धरायच्या. आणि सगळ्यांच्या नजरा त्या तुऱ्याकडे जायच्या. ह्या झाडानंच आणलं, असं कुणीतरी म्हणालं. एका सकाळी आठ-दहा माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. चाचा बुंध्याला पाठ लावून बसले. "आधी मला तोडा," एवढंच म्हणाले.

मी धावत जाऊन त्या माणसांना समजावलं. हे झाड फुलायचंच होतं, भूकंपाशी याचा काही संबंध नाही, ही अंधश्रद्धा आहे. माणसं कुरकुरत गेली. दुसऱ्या दिवशी मी तेच मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून झाडासमोर लावलं. आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. त्या दिवसापासून बागेत झाडांबद्दलचा माझा शब्द शेवटचा झाला. मला ते आवडत होतं.

पुढच्या वर्षी फळं पिकून गळाली. हळूहळू पानं लोंबली, वाळली, पडली. उरलं ते पाच मजली उंच, करडं, बोडकं खोड.

याच सुमारास लातुरात क्लासची लाट आली. नांदेडहून, बिलोलीहून, नायगावहून पोरं यायला लागली. डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं. गल्लीगल्लीत खोल्या भाड्याने गेल्या. आमच्या मागच्या भिंतीला लागून एका सरांनी पत्र्याचं मोठं शेड टाकलं. पोरांना बागेतून जवळ पडावं म्हणून मागचं फाटक त्यांच्यासाठी उघडं ठेवायचं ठरलं. सकाळपासून माइकवरून सूत्रं ऐकू यायची आणि दोनशे पोरं ती एका सुरात म्हणायची. शेड आणि श्रीताड यांच्यात फक्त भिंत.

एक दिवस चाचा माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, श्रीताडाचा आवाज बदलून राहिला."

"कसला आवाज?"

"ठोकून पाहिलं. पहिले ठणठण वाजायचं. आता रिकाम्या डब्यावानी वाजून राहिलं. बुडाला अळंबी आली. वरच्या ढोलीतले पोपट पण गेले."

पोपट गेले, हे ऐकलं आणि मला कुऱ्हाडी घेऊन आलेली माणसं आठवली. "चाचा, पोपटांवरून झाड पडत नसतं," मी म्हणाले.  पुढच्या दोन महिन्यांत ते आणखी तीनदा आले. तिसऱ्यांदा मी वर न बघताच म्हटलं, "साहेबांना सांगते." सांगितलं नाही.

मग एका सोमवारी सकाळी चाचांनी मागच्या फाटकाला कुलूप घातलं आणि समोर बसले. पोरांची गर्दी झाली. क्लासचे सर ओरडत होते. चाचा म्हणत होते, "आज आत कुणी जायचं न्हाई. झाड पडणार हाय." मागची पोरं पुढच्यांना काय झालं म्हणून विचारत होती, आणि त्या गलक्यात कुणीतरी ओरडलं, "भूकंप!"

ती पोरं ज्या गावांतून आली होती तिथं तो शब्द पुरेसा होता. एकच पळापळ झाली. दप्तरं तुडवली गेली, दोन-तीन पोरांची डोकी फुटली. अर्ध्या तासात पोलीस आले.

झाड जागेवर उभं होतं. पानही नव्हतं हलायला.

दुपारी साहेबांनी मला बोलावलं. समोर टाइप केलेला कागद होता. बागवानाने अफवा पसरवून घबराट निर्माण केली, असं त्यात होतं. खाली एक ओळ मोकळी. "झाडाची स्थिती तुम्ही लिहा," साहेब म्हणाले. "तुम्ही पाहिलंय ना?"

"रोज पाहते, सर."

मी लिहिलं, खोड भक्कम आहे. सही केली. बुंध्यापर्यंत चालत जाऊन एकदा हात लावायला पाच मिनिटं लागली असती. अळंबी म्हणजे आतून कूज, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. तरी गेले नाही. खरं सांगायचं तर चाचा खरे निघाले असते तर काय, याची मला भीती वाटली होती.

चाचांना कामावरून कमी केलं. जाताना ते माझ्या खोलीशी थांबले नाहीत. फाटक पुन्हा उघडलं. त्यानंतर मी मागच्या बाजूला जायचं टाळायला लागले. सहलीही कैलासपतीपाशीच संपवायची. टेबलाशी बसले की सूत्रांचा आवाज यायचा, आणि तो मध्येच थांबला की माझा हात थांबायचा.

अकराव्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली म्हणून माइक बंद झाला. वारा अजिबात नव्हता. आधी पोत्यातून भुसा ओतावा तसा आवाज आला, आणि मग पत्र्याचा.

पोरं डबे घेऊन बाहेर सावलीत बसली होती म्हणून वाचली. आत तिघंच होती. दोघांना खरचटलं. तिसरी बिलोलीची मुलगी होती, वही पूर्ण करायला मागे थांबलेली. तिचा उजवा पाय खोडाखाली सापडला. मी पोचले तेव्हा लोक खोड उचलत होते. आत काहीच नव्हतं. नुसता ओला, काळा भुगा आणि भोवती बोटभर जाडीची साल. मुलगी ओरडत नव्हती. ती वही मागत होती.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. चौकशी झाली, तीत झाड जुनं होतं एवढंच निघालं. माझा कागद कुणी बाहेर काढला नाही.

महिन्याभराने मी नांदेडला गेले. चाचा तिथं लेकीकडे राहत होते. त्यांनी खाट पुढे ओढली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. सही, न केलेली पाहणी, वाटलेली भीती. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"माहीत नाही, चाचा."

"मग इकडं कशाला आल्या? तिकडं जायचं होतं."

त्याच दिवशी मी बिलोलीची एसटी धरली. नायगावात गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावंसं वाटलं होतं. घर सापडायला वेळ लागला नाही, सगळ्या गावाला ठाऊक होतं. मुलगी ओसरीत पाट मांडून अभ्यास करत होती, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. वडिलांनी मला ओळखलं नाही. मी बागेतून आलेय म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं. त्यांनी चहा सांगितला.

मुलीने पेन खाली ठेवलं. "मॅडम, ते चाचा म्हणत होते ते तुम्हाला ठाऊक होतं का?"

"हो," मी म्हणाले. "त्यांनी मला चारदा सांगितलं होतं. मी बघितलं नाही. आणि झाड भक्कम आहे असं लिहून दिलं."

 मग तिने पेन उचललं आणि गणित पुढे सोडवायला लागली. तिचे वडील उठले. माझ्यासमोरचा कप उचलून आत घेऊन गेले. त्यात अजून अर्धा चहा होता.