मावशींची हाक

आमच्या संशोधन केंद्रात फळं खाणाऱ्या वटवाघळांची एक खोली होती आणि ती मावशींच्या ताब्यात होती. कागदोपत्री त्या सफाई कामगार. पण एकोणीस वर्षांत आतल्या जनावरांना त्या इतकं ओळखू लागल्या होत्या, की साहेबसुद्धा आत जाण्याआधी त्यांना विचारायचे. मी काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसायचो आणि कोण कशासाठी ओरडलं याची नोंद करायचो. जागेवरून भांडण, खाण्यावरून भांडण, भीती, असं काहीबाही. मावशी मला 'कानवाले' म्हणायच्या. "पगार घेऊन भांडणं ऐकताय, कानवाले! आमच्या गल्लीत या, फुकटात ऐकवते."

वटवाघळांचं एक बरं असतं. मोठा, लांब आवाज काढायला छातीत दम लागतो, आणि तो उसना आणता येत नाही. दुखणं आलं की आवाजच ते सांगून टाकतो. मी हे पुस्तकं वाचून शिकलो, मावशी नुसत्या ऐकून. त्यांचा नवरा "काही नाही गं, साधा खोकला आहे" म्हणत दीड वर्ष कामावर जात राहिला, आणि दुखणं कळल्यावर महिन्याभरात गेला. "ह्या जनावरांना लपवता येत नाही," त्या म्हणायच्या, "म्हणून मला ही माणसांपेक्षा बरी वाटतात."

रोज संध्याकाळी दारात उभं राहून त्या जिभेने दोनदा टक् टक् करायच्या. सगळी छतावरून खाली यायची आणि त्यांच्या हातातून केळं घ्यायची. रिकाम्या हाताने त्यांनी ती हाक कधी मारली नाही. एकदा मी गंमत म्हणून तसा आवाज काढला, तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

एका सकाळी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "कोपऱ्यातल्या म्हातारीचा आवाज बसलाय. ऐका जरा."

मी ऐकलं. ओरडणं अर्ध्यावरच तुटत होतं. नियम आम्हा दोघांनाही पाठ होता. वटवाघळांतून माणसाला लागणारा एक जीवघेणा ताप असतो; तो एकात जरी निघाला, तरी खोलीतलं एकही जनावर जिवंत ठेवायचं नाही. आत एकतीस होती.

"मावशी, दोन दिवस थांबू या. सुधारेल ती," मी म्हणालो. माझा भित्रेपणा मी दया म्हणून खपवत होतो, दुसरं काही नाही.

"थांबलं की काय होतं ते मी घरी बघितलंय," त्या म्हणाल्या. "पिंजरे धुणारी पोटुशी आहे. तिला काय सांगू?" आणि तडक साहेबांकडे गेल्या.

तपासणीत तोच ताप निघाला.

साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी मावशींना बसवलं आणि सांगितलं, "जाळीने धरायला गेलो तर पंख मोडतील, किंचाळतील. तुम्ही हाक मारलीत तर आपणहून खाली येतील. पुढे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचं इंजेक्शन. त्रास होणार नाही."

"मी खरं सांगितलं म्हणून हे होतंय," मावशी म्हणाल्या, "आणि आता त्यांच्याशी खोटं बोलू?"

 मला साहेबांचा राग आला, आणि स्वतःचाही. मावशी उठल्या आणि नेहमीसारख्या केळी सोलायला बसल्या. "आधी प्रत्येकाच्या पोटात घास जाऊ दे," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "मग तुमचं काय ते करा."

संध्याकाळी दोघी हातमोजे, चष्मा, जाड मास्क असा सगळा जामानिमा करून आत गेल्या. मास्कमधून टक् टक् नीट उमटेना. वर कुणी हललं नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई जाळी घ्यायला वळल्या, तेवढ्यात मावशींनी मास्क हनुवटीखाली ओढला.

"मावशी, वेड लागलंय का तुम्हाला?" मी काचेवर थापा मारल्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. उघड्या तोंडाने हाक मारली, आणि सगळी खाली आली.

पाऊण तास लागला. मी काचेकडे पाठ करून बसलो. पण साहेबांना नोंद हवी होती, त्यामुळे हेडफोन काढता आला नाही.

मास्क काढल्यामुळे मावशींना तीन आठवडे एका वेगळ्या खोलीत ठेवलं. दुसऱ्याच दिवशी मी भेटायला गेलो. त्या खिडकीच्या पलीकडे, मी अलीकडे. त्यांनी तब्येतीचं, जेवणाचं काहीच बोलू दिलं नाही.

"कानवाले, खरं सांगा. कुणी घाबरून ओरडलं का?"

निदान एवढं समाधान तरी त्यांना देता येईल असं मला वाटलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

"कुणीच नाही, मावशी. शेवटपर्यंत एकदाही नाही. नुसतं खाण्यावरून भांडण चाललं होतं. तुमच्या हातापाशी आधी कोण येणार, म्हणून."

"आधी यायला भांडत होती?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. मावशी भिंतीला धरून खाली बसल्या आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. नुसतं 'नाही' म्हणून मला थांबता आलं असतं.