भाटव्यांच्या सोळा गाठी

सन अठराशे चौसष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आणि आमचे भाटवे, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, यांच्याइतकी थोडी इंग्रजी इतक्या थाटात बोलणारा माणूस वऱ्हाडात तेव्हा नव्हता आणि पुढेही झाला नाही. माझं शिक्षण दोन इयत्तांचं. पण माणूस पारखायला शाळा लागत नाही, हे मी आजही कोणालाही सांगीन.

अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि साहेब लोक आमची काळी माती शोधत आले. अमरावतीच्या बाजारात अशाच एका साहेबाकडे भाटवे दुभाषी होते. त्या नोकरीपायीच बहिणीचं बिऱ्हाड अमरावतीजवळच्या वलगावात, माझ्यापासून तीन घरं सोडून होतं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. माझी भाकर अजून तीच थापायची.

भाटव्यांची सारी दुभाषेगिरी ‘पुट अप’ या एका बोलावर चाले. साहेब गासडी गाडीवर चढवायला सांगे तेव्हा पुट अप, भाव चढवी तेव्हा पुट अप, तंबू ठोकणं, छत्री उघडणं, डाकबंगल्यात उतरणं, सगळं तेच. लिहिता येत नसल्यानं नवा अर्थ सापडला की भाटवे कमरेच्या सुतळीला गाठ मारत आणि पुढे बोटांनी चाचपून तो अर्थ ओळखत. जेवताना आठवलं तर उष्ट्या हातानं गाठ. एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना सुतळी काढली, तेव्हा भटजीच गप्प झाले.

‘इंग्रजाजोळ शब्द कमी हायेत, साळेबुवा,’ ते मला समजावत. ‘घरी एकच जोडी असली म्हंजे तेच बैल वखराले, तेच मोटेले, तेच गाडीले. तसा हा बोल. गरिबाची भाषा हाय बिचारी.’

साहेब ऊन कसंबसं सोसतो, त्यालाही पुट अपच म्हणतात, असं ते एकदा सांगत होते. बहीण चुलीपुढून म्हणाली, ‘मंग त्या गाठीले माह्यं नाव द्या. बारा वर्सं मी तेच करून राहिली.’

मला मात्र तो थाट बघवत नसे. मग मुंबईचा एक चष्मेवाला मुनशी इंग्रजी शब्दांच्या अर्थांचं जाडजूड पुस्तक घेऊन अमरावतीच्या धर्मशाळेत उतरला, आणि मीच त्याला बाजारात नेलं. भाटव्यांची चारचौघांत जरा जिरावी, एवढंच माझ्या मनात.

‘पुट अप’चे अर्थ कोण जास्त सांगतो अशी पैज लागली, आणि साहेब खुर्ची टाकून बघत बसला. भाटव्यांच्या गाठी भरल्या सोळा. मुनशी पुस्तकातून वाचत सोळाच्या पुढे गेला तशी माणसं हसू लागली. भाटवे मात्र सरकत सरकत त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. ‘हयू, मुनशीजी, हयूहयू वाचा. हे कोन्त्या वक्ताले म्हनतात?’ मुरंबा बरणीत भरून ठेवणं, झाडीतून तितर उठवणं, तलवार म्यान करणं. ‘तलवार खाली जाते अन् बोल वर चढते,’ असं म्हणून ते इतके खुशीत आले की सुतळी संपल्यावर त्यांनी एका गासडीचीच दोरी सोडून घेतली.

संध्याकाळी साहेबानं मुनशीला नोकरीवर ठेवलं आणि भाटव्यांना निरोप दिला. परतताना गाडीत ते म्हणाले, ‘एकतीस निघाले, गड्या. तू त्याले आनला नसता तं मी सोळातच मेलो असतो.’ टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता.

घरी त्यांनी जाहीर केलं, ‘अकोल्याले चालू. तिथं नवा साहेब आला हाय, अन् पुस्तकवाला मुनशी अजून पोचला नाई.’

बहीण पोत्यात भांडी भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आता तुही भाकर कोन थापंल रे?’

आज ती दोघंही नाहीत. माझं चुकलं, एवढंच तेव्हा म्हणायचं होतं. पण आमच्या घराण्यात ते वाक्य कोणाच्या तोंडून निघालेलं नाही, माझ्याही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बैल जुंपले, गाडीत कडबा जाड अंथरला, बहिणीला हात देऊन वर बसवलं आणि अकोल्याची वाट धरली.