पडद्याबाहेरचा खोकला

गल्लीत निम्म्या घरांना दारं नव्हती, पडदे होते. बाहेर उभं राहून खोकायचं, आतल्यांना सावरायला वेळ द्यायचा आणि मग शिरायचं, एवढी एकच सभ्यता तिथे परवडत असे. फोटोवाल्याने तीही सोडली. खोकलं की माणसं केस सारखे करतात, बादली पलंगाखाली ढकलतात आणि तोंडावर पाहुण्यांसाठीचं हसू चढवतात. मग रोजचं जगणं टिपायचं कुठून? लोकांनी आधी शिव्या घातल्या, मग घरचाच आहे म्हणून सोडून दिलं.

त्याला लहानाचं मोठं केलं वहिनीने. जेवायला तो अजून तिच्याकडेच असे. कारखाना बंद पडल्यापासून थोरला भाऊ कुठल्याशा गोदामात साहेब झाला होता, निदान गल्लीत तसं सांगितलं जाई. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो ऐटीत बाहेर पडे.

एका दुपारी फोटोवाला न खोकता आत शिरला. साहेब बनियनवर जमिनीवर बसून कागदी पिशव्या चिकटवत होते. मागच्या बोळातून ते रोज घरीच परतत. वहिनी घड्या घालून देत होती. दोघांनी मान वर केली आणि फोटो निघाला.

"हा कुणाला दाखवू नकोस," भाऊ म्हणाला. त्याने मान डोलावली.

पण फोटो इतका झकास आला की शब्द पाळणं हा कलेवर अन्याय झाला असता. प्रदर्शनात त्याच्याखाली 'श्रमाची प्रतिष्ठा' असं लिहिलं गेलं. पेपरातही तो छापून आला आणि प्रतिष्ठा गल्लीपर्यंत पोचली. "काय साहेब, आज सुट्टी?" एवढंच लोकांनी विचारलं, तेही मायेने. भावाने घराबाहेर पाऊल टाकणं सोडलं. फोटोवाला जेवायला फिरकेना.

तेव्हापासून तो गल्लीत शिरला की कोपऱ्यावरचा न्हावी खोकतो. मग शिंपी, मग पुढची घरं. परक्याला वाटावं, साथ आली आहे. त्याच्या फोटोंत आता सगळे नीटनेटके आणि सुखी दिसतात. प्रदर्शनवाल्यांनी कळवलं, पूर्वीची धग राहिली नाही.

शेवटी एकदा तो वहिनीच्या पडद्याबाहेर उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथे खोकला. गल्लीची वर्दी आधीच पोचली होती. आत काहीतरी घाईने सरकवलं गेलं, मग पडदा बाजूला झाला. ठेवणीतले कपडे घालून वहिनी दारात उभी होती. मागे भाऊ इस्त्रीच्या शर्टात, भिंतीकडे तोंड करून.

"वहिनी, भूक लागलीय."

ती हसली. ते हसू त्याने घरोघरी पाहिलं होतं.

"या, बसा ना," ती म्हणाली. "चहा घेऊन जा."