पहिल्या नंबरावर नर्सिंग

दुपारी जेवण झाल्यावर होस्टेलच्या खाटेवर रुचिताचे डोळे जड होतात. पुढ्यात कॉलेज सोडण्याचा अर्ज आहे, चार वाजता द्यायचा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीररचनेच्या पेपरात बाईसाहेब दोनदा आपटल्या आहेत. ‘माझ्या मनाचं शिक्षण असतं तर पास झाले असते’ हे तिचं पालुपद घरच्यांना तोंडपाठ झालंय. सही करू की नको, असं म्हणता म्हणता पंख्याचा आवाज लांब जातो.

ती आकोटच्या नेट कॅफेत बसली आहे. शेजारी इंदूमावशी. मावशी गावच्या उपकेंद्रात नर्स होती. तिला जाऊन आठ महिने झाले, हे रुचिताला ठाऊक आहे, पण तिला त्याचं नवल वाटत नाही.

“काहून व, फारम भरून राह्यली का सोडून राह्यली?”

“सोडते. प्रवेशाच्या फारमवर तूच नं नर्सिंग पहिल्या नंबरावर टाकलं! पहिल्या नंबराचंच मिळालं, म्हून जागा पक्की, पुढची फेरी बंद. बाबाले मी फिजिओथेरपीले गेलेली पाहिजे होती. नावाआधी डॉक्टर लागलं असतं.”

“मी तं तवा चहा आणाले गेली होती,” मावशी शांतपणे म्हणते.

आणि खरंच, मावशीची खुर्ची रिकामी आहे. सतरा वर्षांची रुचिता नर्सिंगची ओळ माउसने धरून हळूच सगळ्यांच्या वर नेते आहे, स्वतःशीच हसत. पुढे बाबा भडकले तेव्हा तिने मावशीचं नाव घेतलं आणि मावशीने मुकाट्याने ते अंगावर घेतलं. दोन वर्षं तेच सांगून सांगून रुचिताला ते खरंच वाटायला लागलं होतं.

कॅफेत आता लहान पोरं रडताहेत. मावशी एकेकाच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब टाकते आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण करते. रुचिताला लाज वाटते, खूप लाज वाटते.

“मावशी, तू मले खोटं काहून नाही पाडलं?”

“तुले मार बसला असता.” मावशी पुढच्या पोराची करंगळी धरते. “पण आता मी नाही व. आता कोनाच्या नावावर टाकशीन? आन, हात आन.”

मेसमधल्या भांड्यांच्या आवाजाने तिला जाग येते. साडेतीन वाजलेत. उशीत तोंड खुपसून ती पोटभर रडते आणि मग फोन लावते.

“बाबा, फारमवर नर्सिंग मीच वर टाकलं होतं. मावशीनं नाही. मलेच पाहिजे होतं. मी पेपरले पुन्हा बसते.”



“मी तं ती मरेपर्यंत तिच्याशी बोललो नाही व,” बाबा म्हणतात.

फोन ठेवताना तिला दिसतं, डाव्या करंगळीच्या नखावर जांभळी शाई आहे. नळाखाली साबण लावून घासली तरी ती जात नाही.