शाळेची धुरी आणि माझं पागोटं

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली, दिवाळीनंतरच्या बाजाराच्या दिवशी सकाळी, आष्टीकडच्या आमच्या गावच्या शाळेत माझं पागोटं पेटलं.

शाळेला तेव्हा तहसिलीचा हुकूम होता. दारात कडुनिंबाच्या पाल्याची आणि गंधकाची धुरी ठेवायची, प्रत्येक मुलाला तिच्यावरून आत घ्यायचं आणि जो खोकेल त्याला आजारी समजून घरी पाठवायचं. मुलं दम कोंडून, डोळे वटारून दार ओलांडायची आणि आत जाऊन श्वास सोडायची. आमच्या नागनाथला लहानपणापासून दमा. तो रोज खोकायचा आणि रोज परत यायचा. परीक्षा तोंडावर आली होती. आणखी गैरहजेरी पडली तर त्याला बसू देणार नव्हते आणि पोरगं माझ्या दुकानात गूळ खात बसलं होतं.

हुकूम खुळा आहे, असं साऱ्या गावाचं मत होतं. ते माझ्या दुकानात, आवाज खाली ठेवून मांडलं जाई. नायब तहसीलदार शाळेवर येणार असं कळलं, तेव्हा पाटलांनी मला पुढं केलं.

“अप्पा, तुमी निस्तं उठून बोला. मागं आमी हावोत की.”

घरी बायकोनं विचारलं, मागं कोण कोण आहे? मी नावं सांगितली.

“मंग एकलेच जाताव म्हना की,” ती म्हणाली आणि तिनं ठेवणीतलं पागोटं काढून दिलं.

शाळेच्या दारात आम्हा मोठ्यांनाही धुरीवरून नेलं. (खोकलं कुणीच नाही. मुलांनी शिकवून ठेवलं होतं.) साहेबांनी हुकूम वाचून दाखवला आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारलं. मी उभा राहिलो. मागं पाहिलं, तर पाटील खिडकीबाहेरचा निंब न्याहाळत होते.

तोंड उघडणार तोच डोक्याला चटका बसला. धुरीतली ठिणगी पागोट्याच्या घडीत शिरली होती. मी पागोटं ओढून काढलं आणि समोर भिरकावलं. ते साहेबांच्या पायाशी पडलं.

भर सभेत कुणाच्या पायाशी पागोटं ठेवायचं ते शरण जाताना. सर्वांनी तेच समजून घेतलं. पाटलांना आता कंठ फुटला.

“साऱ्या गावाच्या वतीनं ठिवलं, हुजूर. हुकूम आमाला कबूल हाय.”

साहेब भारावले. “अप्पा, इसकी क्या जरूरत थी?” म्हणत ते स्वतः वाकले आणि त्यांनी पागोटं दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर ठेवलं. आत ते अजून धुमसत होतं. साहेबांनी मानानं ठेवलेलं पागोटं त्यांच्यादेखत उतरवणं शक्य नव्हतं. ते काय काय विचारत राहिले. मी प्रत्येक वेळी “जी हुजूर” म्हणालो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याचंही त्यांनी कौतुक केलं.

मी कशाकशाला होकार दिला, ते हेडमास्तरांनी मागाहून सांगितलं. त्यात शाळेच्या धुरीची देखरेख होती.

टाळूला लोणी लावताना बायको म्हणाली, “बरं झालं. आता पोराला बापच आत सोडील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुरीपाशी बसलो. पाटील आणि हेडमास्तर शेजारी उभे होते. सर्वांत आधी नागनाथ आला, माझ्याकडं बघून हसला आणि खोकला.

त्याला मी घरी पाठवलं.