चौदाव्या दिवसाचं वजन

डॉक्टरांनी माझा झोळीचा काटा उचलला, सगळ्यांसमोर त्याला आपल्या डब्याची पिशवी अडकवली आणि म्हणाले, "बघा, आशाताईंचा काटा. भाजी मोजायला बरा आहे."

आरोग्य केंद्रातला मीटिंगचा हॉल हसला. खुर्च्यांवरचा स्टाफ हसला. खाली सतरंजीवर बसलेल्या माझ्यासारख्या आशा सेविकाही हसल्या, तोंडाला पदर लावून. त्यांचाच जास्त संताप आला.

माझा गुन्हा काय? पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत एका बाळाचं चौदाव्या दिवसाचं वजन मी खरं लिहिलं. जन्माला दोन किलो दोनशे, आता एक किलो नऊशे. आई म्हणाली होती, "ताई, पोर दूध वढत नाय गो." मी चिठ्ठी देऊन तिला केंद्रात पाठवलं. इथे कुणी बाळ काट्यावर ठेवलंच नाही. आशाला मोजता येत नाही म्हणाले आणि परत धाडलं. ओली बाळंतीण, पुन्हा तो सगळा चढ चढून घरी गेली.

आमच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई शेजारी येऊन बसल्या. त्याही मानधनावरच्याच. हळूच म्हणाल्या, "दोन किलो चारशे कर गं. वजन घटलेलं दिसलं की मला वर उत्तर द्यावं लागतं." आणि व्हाइटनर पुढे केलं.

किळस आली. त्यांची आली, त्याहून माझी आली. कारण आधी त्यांच्याच सांगण्यावरून मी हे केलं होतं. फॉर्म परत येऊ नये म्हणून घरी बसून, चहा पीत, बाळांची वजनं वाढवली होती. देखरेख म्हणजे रकाना भरलाय का एवढंच. बाळ कुणी बघत नाही.

मी उठले. म्हटलं, "मी खोडणार नाय. बाळ घेऊन येते. तुमच्या काट्यावर ठेवा, माझ्यासमोर."

"तू मला शिकवणार?" डॉक्टर म्हणाले.

"हो."

दुपारी बाळ आणलं. केंद्राच्या काट्यावर एक किलो आठशे पन्नास. डॉक्टरांनी महाडच्या रुग्णालयात न्यायची चिठ्ठी लिहिली. बाळ अजून काचेच्या पेटीत आहे. जगेल की नाही, कुणी सांगत नाही. माफीचा तर प्रश्नच नाही. मला मात्र नोटीस आली. उद्धट वर्तन.

उत्तर लिहिलंय. हे वजन मी बदलणार नाही. आधी कुठल्या कुठल्या बाळांची खोटी लिहिली, तेही नावानिशी लिहिलंय, आणि ती कुणी लिहायला सांगितली तेही. काम जाईल, ठाऊक आहे. उद्या सकाळी कागद स्वतः नेऊन देणार आहे. पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.