यमुताईंचं दही-साखर

यमुताईंची अर्धी हयात उमरेडला हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून साड्या विणण्यात गेली. माग मोडीत निघाला तशा त्या नागपुरात लेकाकडे आल्या आणि गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावू लागल्या. बाई कोणाच्या बापाला भिणारी नव्हती. पण परवा न्हाणीत पाय घसरला, मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं आणि बाई पहिल्यांदाच भ्याली.

त्याला कारणही होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याचं, दादाजींचं, हेच हाड मोडलं होतं. या वयात चिरफाड कशाला, म्हणत सगळ्यांनी त्यांना खाटेवर ठेवलं. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला, दोन महिन्यांत माणूस गेला. म्हणून यमुताईंनी लेकाच्याही आधी ऑपरेशनला होकार दिला. हाडात सळई बसवायची होती. मध्यरात्रीनंतर पोटात काही नको, भुलीत अन्न छातीत उतरलं तर जीव जातो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सकाळी स्ट्रेचर हलणार तोच सुनेनं, प्रणालीनं, पिशवीतून डबी काढून सासूच्या तळहातावर दही-साखर ठेवली. मोठ्या कामाला निघालेलं माणूस त्यांच्या घरातून तसंच जात नसे. यमुताईंनी सवयीनं तळहात तोंडाला लावला.

ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरनं विचारलं, "आजी, काही खाल्लं नाही ना?"

यमुताईंनी चिकट तळहात चादरीला पुसला. सांगावं तर ऑपरेशन लांबणार, पुन्हा ती खाट. न सांगावं तर आत काय होईल कोण जाणे. आणि प्रणालीला तर सगळे फाडून खातील.

"दही खाल्लं. मीच मागतलं. सुनेले काही बोलू नका."

डॉक्टर भडकले. ऑपरेशन दुपारी तीनवर गेलं. प्रणाली बिचारी पलंगाशी रडत बसली.

"आई, माह्यामुळं झालं."

"रडून काहून राहिली वं? माह्या पाठीखाली हात घालून पाहा, जखम तं नाही ना झाली?"

तीन वाजेपर्यंत त्यांनी तिला चारदा पाहायला लावलं.

स्ट्रेचर आलं. यमुताईंचा तळहात आपोआप पुढे झाला. प्रणालीनं त्यावर आपला रिकामा हात ठेवला.

"मले लय भेव लागून राहिलं वं," यमुताई म्हणाल्या. हे त्या जन्मात कोणाला बोलल्या नव्हत्या.

दारापाशी सिस्टरला तो हात सोडवून घ्यावा लागला.